काचेतल्या बाळाला दुखतं तेव्हा

लोंढा, गुंजी, नागरगाळी, तिनईघाट, कॅसलरॉक या पट्ट्यात एखादं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं किंवा जन्मताच त्याला धाप लागली, तर घरात पहिला प्रश्न गाडीचा असतो. खानापूरला थांबायचं की थेट बेळगाव गाठायचं? १०८ कधी येईल? काही जण अनमोड घाट उतरून गोव्याला जातात, काहींना हुबळी सोयीची वाटते. पण बहुतेकांची वाट बेळगावचीच, पन्नासेक किलोमीटरची. तिथे जिल्हा रुग्णालयात किंवा नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात बाळ आत जातं, दार बंद होतं आणि थोड्या वेळाने घरी फोन जातो, ‘बाळ काचेत ठेवलंय.’

त्यानंतरचे दिवस बाहेरच्या बाकड्यावर जातात. वजन किती भरलं, श्वास कसा चाललाय, बिल कुठवर जाईल, हे सगळे विचारतात. त्याला आत दुखत असेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो आणि विचारून काय होणार, असंही वाटतं. प्रत्यक्षात या एका बाबतीत घरच्यांच्या हातात बरंच काही आहे. डॉक्टरांच्या औषधांना जे जमत नाही, ते आईच्या छातीला आणि बापाच्या तळहाताला जमतं, असं आता अभ्यासांनीही दाखवलं आहे. मात्र त्यासाठी दाराच्या आत जावं लागतं आणि आत जाऊन काय करायचं ते माहीत असावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय?’ हे वाक्य आपल्या आज्यांचंच होतं असं नाही. जगभरच्या मोठमोठ्या डॉक्टरांचंही तेच मत होतं. तान्ह्या बाळाचे मज्जातंतू अपुरे असतात, त्यामुळे त्याला वेदना कळत नाही आणि कळली तरी लक्षात राहत नाही, असं पाठ्यपुस्तकांतून शिकवलं जाई. भुलीच्या औषधाने बाळ दगावेल, ही भीती त्यात भर घाली. म्हणून कित्येक बाळांच्या शस्त्रक्रिया स्नायू लुळे करणारं औषध देऊन, पण वेदनेवर काहीही न देता झाल्या. १९८५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी अशीच बांधली गेली. आईला हे नंतर कळलं. तिने वर्तमानपत्रांपर्यंत हा विषय नेला आणि तिकडे खळबळ उडाली.

त्याच सुमाराला ऑक्सफर्डमध्ये एक भारतीय डॉक्टर नेमका हाच प्रश्न तपासत होते. त्यांचं नाव कंवलजीत सिंग आनंद. वैद्यकीचं पहिलं शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे मराठी माणसाला घरच्यासारख्या असलेल्या गावात. शस्त्रक्रियेहून परत आलेली बाळं आधीपेक्षा वाईट अवस्थेत का असतात, हे त्यांना खटकत होतं. त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला नेहमीचंच. मग रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या अंगावरचा ताण कितीतरी कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी होते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. बाळाला दुखत नाही असं म्हणणं त्यानंतर अवघड झालं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तर उलटंच आहे. वेदना मेंदूकडे नेणारे मार्ग त्याच्यात तयार असतात. पण वेदनेची लाट वरून दाबून धरणारी यंत्रणा अजून कच्ची असते. म्हणून तेच दुखणं मोठ्या माणसापेक्षा त्याला जास्त लागतं. पुन्हा पुन्हा टोचलं की कातडी अधिकच हळवी होते, मग नुसता लंगोट बदलतानाही बाळ अंग चोरतं. आईला मधुमेह असेल तर बाळाच्या साखरेसाठी पहिल्या दिवसांत टाचेला वरचेवर टोचावं लागतं. टोरांटोला अशी बाळं पाहिली गेली, तेव्हा नंतर शिरेतून रक्त काढताना ती इतर बाळांपेक्षा जास्त कळवळली. कळत नाही, लक्षात राहत नाही, हे म्हणणं इथे संपतं.

आता आत काय चालतं ते पाहू. नवजात अतिदक्षता विभागात बाळाला दुखवणाऱ्या गोष्टी मोठ्या नसतात, पुष्कळ असतात. टाचेला टोचून साखर पाहणं, सलाईनसाठी शीर शोधणं, नाकातून पोटात नळी घालणं, घशातला कफ यंत्राने ओढणं, चिकटपट्टी काढणं, डोळ्यांचा पडदा तपासणं. पॅरिस परिसरातल्या विभागांत ४३० बाळांची पहिल्या चौदा दिवसांची नोंद ठेवली गेली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारण दहा दुखवणाऱ्या क्रिया येत होत्या, आणि शंभरातल्या जवळपास ऐंशी वेळा वेदनेसाठी खास असं काहीही केलेलं नव्हतं. हे पॅरिसचं झालं. सिस्टर कमी आणि बाळं जास्त असलेल्या आपल्या सरकारी विभागात काय असेल, याचा अंदाज करायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. यात सिस्टरांचा दोष शोधू नका. आठ-आठ बाळं सांभाळणाऱ्या बाईला दर टोचण्याआधी दोन मिनिटं थांबणं कठीण जातं. ती दोन मिनिटं तुम्ही भरून काढू शकता.

दुखणं ओळखायचं कसं

रडणं ही सगळ्यांना कळणारी खूण, पण सगळ्यात फसवी. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या घशात नळी असते. ते रडतं, तोंड वेडंवाकडं करतं, पण आवाज येत नाही. फार कमी दिवसांचं, थकलेलं बाळ तर रडतही नाही. निपचित पडतं, हातपाय सैल सोडतं. ‘किती शहाणं, टोचलं तरी रडलं नाही’ असं कौतुक अशा वेळी करू नये.

चेहरा पाहा. भुवया खाली ओढल्या जाऊन कपाळाच्या मध्यभागी फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, तोंड चौकोनी उघडतं. हाताची बोटं पंख्यासारखी फाकतात किंवा मूठ आवळली जाते, पाठ कमानीसारखी ताठते. शेजारच्या पडद्यावर हृदयाचे ठोके चढतात, ऑक्सिजनचा आकडा उतरतो. डॉक्टर याच खुणांना गुण देऊन वेदना मोजतात. त्यासाठी ‘पिप’, ‘निप्स’ अशा नावांचे तक्ते आहेत. ‘बाळाचा वेदनेचा गुण लिहिता का?’ असं एकदा विचारून बघा. लिहीत असतील तर चांगलंच; नसतील तर विचारल्यामुळे कुणाच्या तरी डोक्यात ते राहील.

आई-बाप चोवीस तासांत एकाच बाळाकडे पाहतात. त्यामुळे बाळाच्या चेहऱ्यातला फरक त्यांना लवकर कळतो. ‘आज नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय’ हे सिस्टरना सांगायला लाजू नका. कधी कधी ती जंतुसंसर्गाची पहिली खूण असते.

आईची छाती

सगळ्यांत गुणकारी उपाय फुकट आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून आईचा पदर किंवा दवाखान्याचा पुढून उघडणारा झगा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. अडचणीतून निघालेली ही वाट आज श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांतही मानाने वापरली जाते. पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं, जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत दिलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले.

वेदनेच्या बाबतीत तर पुरावा आपल्या ओळखीच्या ठिकाणांहून आला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुची नानावटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची चिकटपट्टी काढताना तपासणी केली. काही बाळांना आधी पंधरा मिनिटं कांगारू पद्धतीत ठेवलं, काहींना आईचं काढलेलं दूध दिलं. दोन्हींनी दुखणं कमी झालं आणि एक दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरलं नाही. गुजरातमधल्या करमसदच्या प्रमुखस्वामी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सोमशेखर निंबाळकर यांच्या गटाने टाचेला टोचण्याआधी पंधरा मिनिटं बाळ आईच्या छातीवर दिलं. तेव्हाही वेदनेचा गुण उतरला. दोन्ही कामं २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. टोचायला ट्रे घेऊन सिस्टर आल्यावर घाईघाईने बाळ उचलून उपयोग नाही. सकाळी विचारायचं, ‘आज रक्त कधी काढणार?’ आणि त्याच्या आधी जाऊन बसायचं. टोचून झाल्यावरही बाळ लगेच खाली ठेवू नये. बाळ शांत होईपर्यंत, शक्यतो तासभर, तिथेच असू द्या.

खरी अडचण इथे येते, आणि ती दवाखान्याची कमी, आपल्या घरची जास्त. बाळ बेळगावला, आई खानापुरात टाक्यांवर. किंवा आई घरी आलेली, पण ‘ओली बाळंतीण, तिला वारा लागेल’, ‘सोयर आहे’, ‘सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही’. माझं स्पष्ट मत आहे की बाळ अतिदक्षता विभागात असताना हे नियम बाजूला ठेवावेत. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं की बाळंतिणीला बाळाजवळ न्यावं, तिच्या कानाला फडकं बांधावं, पोटाला आधार द्यावा, खाण्याचा डबा द्यावा, पण न्यावं. बाळंतविड्यापेक्षा बसायला टेकूची खुर्ची मिळते का हे बघा. जन्म माहेरी झाला असेल तर माहेरच्यांनी ‘सासरचे काय म्हणतील’ म्हणून थांबू नये, आणि सासरच्यांनी काही म्हणू नये.

तोवर बापाने बसावं. बापाची छातीही चालते, आजीचीही चालते. शर्ट काढून बाळ छातीवर घ्यायला आपल्याकडचे पुरुष आधी बुजतात; एकदा बसले की उठवावं लागतं. अंगावर खरूज, नायटा, सर्दी-खोकला, ताप असेल तर मात्र जाऊ नये. विडी-तंबाखूचा वास असलेला शर्ट बदलून, हात-छाती धुऊन जा.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी नवजात विभागांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आई-वडिलांना आत घ्यावं, त्यांना हात धुण्यापासून कांगारू पद्धतीपर्यंत शिकवावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे आत जाऊ द्या म्हणणं ही मेहरबानी मागणं नव्हे. सुरात विनंती ठेवा, मनात खात्री ठेवा. बेळगावात सिस्टरशी मराठीत बोललं तरी बहुधा चालतं. पण समोरची सिस्टर धारवाडकडची असेल तर ‘कूसिगे नोवागतदेन्री?’ एवढं विचारलंत की ती हसून थांबेल आणि समजावून सांगेल.

दूध, साखर आणि दोन हात

बाळ अंगावर पिऊ शकत असेल तर टोचताना पाजणं यासारखं दुसरं काही नाही. एक-दोन मिनिटं आधी पाजायला घ्या, बाळ नीट ओढायला लागलं की मग टाच टोचू द्या आणि नंतरही पाजत राहा. आईचा स्पर्श, चव, वास, चोखणं, सगळं एकाच वेळी काम करतं. ‘पिताना टोचलं तर बाळ अंगावर प्यायचं सोडेल’ किंवा ‘ठसका लागेल’ अशी भीती काही सिस्टरनाही वाटते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

अंगावर पिता येत नसेल तर आईचं काढलेलं दूध. जे बाळ तोंडाने काहीच घेत नाही, त्याच्याही जिभेवर दुधाचे एक-दोन थेंब डॉक्टरांच्या परवानगीने फिरवता येतात. म्हणून दूध येणं सुरू राहिलं पाहिजे. बाळ दूर असलं तरी दिवस-रात्र मिळून आठ वेळा हाताने दूध काढा, रात्रीची एक वेळ चुकवू नका. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवा, वर वेळ लिहा. खोलीच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास. लोंढ्याहून बेळगावला पाठवायचं तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून पाठवा. सकाळच्या गाडीने जाणारा माणूस ठरवून ठेवा.

दूध उपलब्ध नसेल तेव्हा दवाखान्यात गोड द्रावण वापरतात. जगभर चोवीस टक्के सुक्रोज वापरलं जातं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सलाईनबरोबर येणारं पंचवीस टक्के ग्लुकोज. टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेच्या टोकावर थेंब सोडायचे आणि बरोबर चोखायला द्यायचं. लहान बाळाला काही थेंब, पूर्ण दिवसांच्या बाळाला एक-दोन मिलिलिटर. प्रमाण डॉक्टर ठरवतील. हे निर्जंतुक औषध आहे. घरून साखरपाणी नेऊन चाटवायचं नाही. मध तर वर्षाच्या आतल्या कोणत्याही बाळाला द्यायचाच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गोड द्रावण एका टोचण्यापुरतं असतं. रडलं की दे, असं दिवसभर चालवू नये.

आता दोन हातांचं काम. जे बाळ काचेतून बाहेर काढता येत नाही, त्याच्यासाठी हे सोनं आहे. हात कोपरापर्यंत धुवा, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, मनगटाचे दोरे काढून ठेवा. हिरवा चुडा उतरवायला मन धजत नाही, पण बांगडीखाली जंतू बसतात, निदान त्या कोपराच्या वर सरकवून बांधून घ्या आणि सिस्टरना दाखवा. हात चोळून गरम करा. एक तळहात बाळाच्या डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही पाय पोटाशी दुमडून तळपाय धरायचे, हात छातीजवळ आलेले. पोटात होतं तसं मुटकुळं. हात नुसते ठेवायचे, दाब स्थिर. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. आपल्याला बाळ दिसलं की बोटं आपोआप कुरवाळायला लागतात. पण अठ्ठावीस-तीस आठवड्यांच्या बाळाला हलकी चुळबुळती बोटं त्रास देतात, स्थिर तळहात शांत करतो. सिस्टर एका पायाचं काम करत असताना तुम्ही बाकीचं बाळ असं धरून ठेवा. काम संपल्यावर लगेच हात काढू नका, चेहरा सैल होईपर्यंत थांबा. फिनलंडमध्ये कफ ओढताना आई-वडिलांनी असं धरल्यावर बाळं लवकर शांत झाली, हे नोंदवलेलं आहे. दुपट्यात गुंडाळून ठेवण्यानेही थोडाफार हाच परिणाम साधतो, फक्त पाय सरळ ताणून आवळू नयेत, नितंबाच्या सांध्याला ते वाईट.

काचेच्या पेटीवर बोटांनी टकटक करू नका, वर मोबाइल किंवा प्रसादाची पुडी ठेवू नका. बाहेर आपल्याला किरकोळ वाटणारा आवाज आत दणका होऊन पोचतो. बाळाच्या पायात वाळे, कमरेला काळा दोरा, कपाळाला काजळ ही सगळी हौस घरी आल्यावर.

डॉक्टरांना काय विचारावं

टोचणं कमी करणं हा पहिला उपाय. दिवसाच्या सगळ्या तपासण्या एकाच वेळच्या रक्तात बसतील का? कावीळ पाहायला कातडीवर टेकवायचं यंत्र आहे का? (लाइटखाली असलेल्या बाळात ते नीट चालत नाही, तेव्हा नकार आला तर खोडसाळ समजू नका.) बरेच दिवस सलाईन चालणार असेल तर रोज नवी शीर शोधण्याऐवजी एकदाच लांब नळी घालता येईल का? पूर्ण दिवसांच्या बाळाचं जास्त रक्त हवं असेल तर टाच पिळण्यापेक्षा सराईत हाताने शिरेतून काढणं कमी दुखतं, हेही विचारण्यासारखं आहे. टाचेत सुईपेक्षा पिळणंच जास्त लागतं. एकाच हाताने दोनदा प्रयत्न करूनही शीर मिळाली नाही तर दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवावं, हा संकेत बहुतेक चांगल्या विभागांत पाळला जातो.

मोठ्या कामांना मात्र दूध-साखर पुरत नाही. शस्त्रक्रिया, छातीत नळी, पाठीतून पाणी काढणं, घाई नसताना श्वासनळीत नळी घालणं, यासाठी औषध हवंच. जागा बधिर करणारं इंजेक्शन, फेंटानिल, मॉर्फिन, शस्त्रक्रियेनंतर पॅरासिटामॉल. ‘शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी काय देणार, कधीपर्यंत?’ हा प्रश्न सही करण्याआधी विचारा. पण व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक बाळाला मॉर्फिन लावा, असा हट्ट धरू नका. त्याच डॉ. आनंद यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००४ मध्ये छापलेल्या मोठ्या पाहणीत सरसकट मॉर्फिनचा अपेक्षित फायदा दिसला नाही, रक्तदाब उतरण्याचा त्रास मात्र दिसला. ज्या माणसाने बाळाला दुखतं हे दाखवलं, त्यानेच औषधाची मर्यादाही दाखवली. आणि बाळ निळं पडलंय, डॉक्टर धावताहेत, अशा वेळी वेदनेचे प्रश्न काढून आड येऊ नका. तो जिवाचा क्षण असतो.

घरी आल्यावर

बाळ घरी आलं की दुखणं देणारे हात बदलतात, एवढंच. न्हाऊ घालणारी बाई बाळाचं नाक ओढते, डोकं वळते, छातीवर आलेली गाठ पिळून ‘दूध’ काढते. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाच्या, मुलगा असो की मुलगी, छातीला थोडी सूज येते. ती आपोआप जाते. पिळली तर पू होतो, कधी चिरावं लागतं. हे ठामपणे थांबवा, बाई कितीही जुनी असली तरी. काचेत राहून आलेल्या बाळाला जोराचं मालीश नको, हलका हात पुरे, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वजन होईपर्यंत आंघोळही नको. पोट दुखतं म्हणून बिब्ब्याचा किंवा तापलेल्या सुईचा डाग देण्याची चाल अजून पूर्ण गेलेली नाही. मेळघाटात अशा डागण्यांनी बाळं दवाखान्यात येतात आणि आपल्या बाजूलाही वाड्या-वस्त्यांवर ती भाषा ऐकू येते. डाग म्हणजे उपचार नव्हे, भाजणं आहे. गुटी, बाळगोळी, रडं थांबवणारी कसलीही पुडी नको. अशा पुड्यांत पूर्वी अफू असे. बारशाला कान टोचायची घाई करू नका, वजन वाढू द्या.

लस टोचताना मात्र टाळाटाळ नको. बीसीजी असो, हिपॅटायटिस असो, बाळाला अंगावर लावून टोचून घ्या. लस टोचणाऱ्या सिस्टरना आधी सांगितलंत तर त्या तुमच्यासाठी दोन मिनिटं थांबतील. लशीच्या आधीच पॅरासिटामॉलचे थेंब देऊ नका. नंतर ताप आला तर वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढेच.

शेवटी एका तपासणीबद्दल, कारण ती दुखते म्हणून आणि लांब आहे म्हणून सगळ्यात जास्त चुकवली जाते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, कारण त्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढून दृष्टी जाऊ शकते. पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा कमी बाळाची दोन ते तीन आठवड्यांतच. डोळे उघडे ठेवायला बारीक चिमटा लावतात, ते बाळाला नकोसं होतं. आधी बधिर करणारे थेंब घालायला सांगा, बाळ दुपट्यात गुंडाळा, गोड थेंब किंवा दूध द्या, डोक्याशी हात धरून उभे राहा. तीस दिवसांपर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण सरकारी रुग्णालयात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत, तेव्हा गाडीभाड्यासाठी ही फेरी सोडू नका. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की आधी त्यावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का ते पाहा. नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय बेळगाव सोडू नका.